मरणारं गवत

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तांबोळी सर नावाचे एक गृहस्थ आहेत. ते गच्चीवरच्या कुंड्यांत मुद्दाम तण लावतात. त्याला पाणी घालतात, खत घालतात, आणि चांगलं वीतभर वाढलं की त्याच्यावर स्वतःच्या हातानं तणनाशक फवारतात. मग पंधरा दिवस रोज सकाळी कोण मेलं, कोण वाचलं ते वहीत लिहितात. मी या सोसायटीची सेक्रेटरी आहे. माझं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

सर गव्हाच्या संशोधनातून निवृत्त झालेले. गव्हात उगवणारं आणि लहानपणी हुबेहूब गव्हासारखं दिसणारं एक गवत असतं, त्याच्यापायी सरांची हयात गेली. उत्तरेकडे त्याला गुल्लीडंडा म्हणतात. हे त्यांनी एकदा आमच्या चेअरमनना सांगितलं. चेअरमनना वाटलं, हे वर विटीदांडू खेळतात. दुसऱ्या दिवशी पाटी लागली: ‘गच्चीवर खेळण्यास सक्त मनाई आहे.’ सरांनी खाली खडूनं लिहिलं, ‘उगवण्यास नाही.’

बरं, गप्प बसतील तर शपथ! लिफ्टमध्ये सापडलात की संपलं.

“सेक्रेटरीबाई, औषधानं गवत बदलत नाही. लाखात एखादं रोप आधीपासूनच वेगळं असतं. त्याच्या जनुकात एकच अक्षर इकडचं तिकडं झालेलं. औषध म्हणजे किल्ली, पण याचं कुलूपच बदललंय! काही तर त्याहून बेरकी, औषध सरळ पचवतात. बाकीची मरतात, ही उरतात आणि शेतभर पसरतात. मग त्यांना निवडलं कुणी?” इथे तर्जनी वर. “आपणच!”

हे ते कशालाही लावतात. पार्किंगची चौथी नोटीस मी चिकटवत होते, तर मागून आवाज आला, “लोक तुमच्या नोटिशींना प्रतिरोधक झालेत. घाबरणारे होते ते फ्लॅट विकून गेले. उरलेल्यांना निवडलं कुणी?” मी डिंकाचा हात कपाळाला लावून घेतला तेवढा.

फेब्रुवारीत गवताला ओंब्या आल्या की बी पसरू नये म्हणून ते प्रत्येक ओंबीला कागदी पिशवी बांधतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ती करणी वाटली. त्यांनी कुंड्यांभोवती चार लिंबं ठेवली. सरांनी सरबत केलं.

यंदा मात्र गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. कुंड्या हलवा, म्हणून मी तीनदा सांगितलं. शेवटी वैतागून दोन कामगार घेऊन मीच वर गेले, भांडायची जय्यत तयारी करून. बघते तर सर आधीच सगळं गवत उपटून, पिशव्यांसकट पोत्यात भरत होते. एकच कुंडी त्यांनी बाजूला ठेवली होती. तिच्यातलं गवत मला तरी काही वेगळं दिसेना.

“एवढं सगळं उपटलंत, मग यानं काय पुण्य केलं?” मी विचारलं.

“ते औषधाला टिकणारं होतं, बाई. शेताशेतात मिळेल. हे मरणारं आहे. याच्या शेतात कधी फवारणीच झाली नव्हती, जनुक अजून जुनंच. औषध खरंच लागू पडतंय का, ते कळायला शेजारी एक मरणारं लागतं.” सरांनी कुंडी उचलून पोटाशी धरली. “मी निवृत्त झालो आणि संस्थेतली याच्या बियांची बरणी कुणीतरी फेकून दिली. माझ्याकडे मूठभर होतं. बी जुनं झालं की उगवत नाही, म्हणून दर हिवाळ्यात एक कुंडी नव्यानं लावतो, न फवारता. आता उन्हाविना यंदाचं बी भरलं नाही, तर संपलं.”

सरांचं घर पहिल्या मजल्यावर, उत्तरेला. तिथे ऊन म्हणून नाही. त्यांनी मान खाली घातली. “तुमच्या गॅलरीत ऊन येतं ना?”

हा माणूस काही मागतोय, हेच मला नवीन होतं. धड चिडताही येईना.

झालं! माझी कपडे वाळत घालायची जागा गेली. रोज सकाळी सातच्या ठोक्याला बेल. चहा विचारावा, तर “आधी त्याला पाणी.” मग कुंडीजवळ स्टुलावर तासभर बसायचे, आणि नवल म्हणजे चक्क गप्प. एकदा मला ऑफिसची घाई होती. मी म्हटलं, “सर, घरी वाट बघत असतील.”

“कोण?” त्यांनी विचारलं. अगदी साधेपणानं. मी पोळ्या करायला आत गेले.

मार्च संपता संपता बी पिकलं. सरांनी ते कागदावर झाडलं, फुंकून साफ केलं, दोन पाकिटांत भरलं आणि एक माझ्यापुढे धरलं.

“आता हे मला कशाला?” मी वैतागून म्हटलं.

“दोन ठिकाणी असलेलं बरं. मी काही प्रतिरोधक नाही, बाई.”

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं म्हणून रागही आला. मी पाकीट घेतलं, ड्रॉवरमधून पेन काढलं.

“पेरायचं कधी, ते सांगा,” मी म्हटलं. “वर लिहून ठेवते.”