डॅशबोर्डखालची डाळिंबी

त्या वर्षांत बारामतीत उभ्या मोटारीच्या दारातून दोन पॉलिश केलेले बूट आभाळाकडे तोंड करून बाहेर आलेले दिसले, तरी लोक थांबत नसत. "तात्यांनी कुणालातरी झोपवलंय," एवढं म्हणून पुढं जात.

तात्या म्हणजे तात्या मिस्त्री. मोटारीचं वायरिंग करावं तर त्यांनीच. कालव्याच्या पुलाजवळ लिंबाखाली एक बाकडं आणि हत्यारांची एक पत्र्याची पेटी, एवढंच त्यांचं दुकान. अट एकच होती. गाडीच्या मालकानं स्वतः पाय वर आणि डोकं खाली करून डॅशबोर्डखाली शिरायचं आणि वायरींची टोकं एकेक करून बाहेर द्यायची. तात्या दाराशी उकिडवे बसून ती घेणार. "तुमची गाडी, तुमचं डोकं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मामलेदार झोपले, गुळाचे व्यापारी झोपले. एका कंत्राटदाराची टोपी ग्रीसमध्ये पडली, तर तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तितंच. वायरीला गादी झाली."

आणि टोक देताना रंग सांगायचा. नुसतं लाल, हिरवं म्हटलं की तात्या खवळत. "लाल म्हंजी? डाळिंबी का कुसुंबी? नीट बघा की राव!" सहा फुटी देह, झुपकेदार मिशा, आणि तोंडात सगळी लुगड्यांच्या दुकानातली भाषा. त्या काळी वायरींवर सुताचं वेष्टन असे, म्हणून ते शोभूनही जाई. तरी गाव हसायचं. अर्थात तात्यांच्या पाठीमागं.

मी तेव्हा डॉक्टरांचा ड्रायव्हर होतो. मूळचा रत्नागिरीकडचा. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. बायको आणि म्हातारे आईवडील गावी. या मुलखात ना ओळख ना पाळख, म्हणून कुणी साधं "काय रे" म्हटलं तरी मला वाटायचं, आता हाकलतात.

डॉक्टरांनी देश सोडून गेलेल्या एका साहेबाची तांबडी स्पोर्ट्स गाडी हौसेनं घेतली होती. दोनच माणसांची, उघडी, जमिनीला टेकलेली. वरून नवरीसारखी, पण डॅशबोर्डखाली बघाल तर वायरींची जाळी लोंबत असायची आणि त्या जाळीत सुतळीनं टांगलेला रेडिओचा खोका. डावीकडं वळलं की हॉर्न वाजे. हॉर्न दाबला की दिवे जात.

एकदा इंदापूरहून येताना लासुर्ण्यापाशी सुतळी तुटली. खोका माझ्या पायावर, वायरी पायाभोवती, आणि पाय काही ब्रेकपर्यंत पोचेना. गाडी सरळ उसात शिरली. हॉर्न अडकला तो थांबेना. रानातली माणसं धावत आली. डॉक्टर टोपीत उसाचं पाचट घेऊन बसलेले. एक म्हातारा गाडीभोवती फिरून म्हणाला, "ऊस खायाला आलीया व्हय? मग वरडतीया कशाला?"

डॉक्टर हसले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "आठ दिवसांत ही नीट झाली नाही तर विकून टाकतो. मग मला ड्रायव्हर लागणार नाही." रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले.

तात्यांकडं यायला डॉक्टर तयार नव्हते. "पेशंट काय म्हणतील माझे पाय बघून?" मी एकटाच गाडी घेऊन गेलो.

"मालक कुठंय?"

"येणार नाहीत, तात्या."

"मग गाडी जाऊ द्या माघारी."

मी गाडीला हात लावून उभा राहिलो. मग एकदम सगळंच बाहेर पडलं. ऊस, आठ दिवस, गावची माणसं. शेवटी म्हणालो, "मालकांचा नाही, माझा पाय अडकला होता. माझं डोकं घाला खाली."

तात्यांनी मिशी चावली. "कोकण्या हाईस जणू. बोलण्यावरनं वाटतंय. ... व्हय, हाकणाराच खरा मालक. घाल डोकं."

उलटं पडलं की जग फार लांब जातं. कानात रक्त, नाकात धूळ, डोळ्यांपुढं वायरींचं जंगल. मी एकेक टोक सोडवून बाहेर देत होतो. तात्या त्यांची जुडी करून मेणाच्या दोऱ्यानं आवळत. चार बोटांवर एक फास, पुन्हा चार बोटांवर फास. जुडी अशी घट्ट की वेणी घातल्यासारखी. शिवाय प्रत्येक वायरीच्या टोकाला गाठी मारत. दिव्याच्या वायरीला एक, हॉर्नच्या वायरीला दोन, रेडिओच्या वायरीला तीन. कुठला रंग कुठं जातो, हे त्यांना पाठ होतं.

"मोरपंखी दे आता."

मी घाईत वायर दिली. त्यांनी ती उन्हात धरली, नीट पाहिली आणि एक गाठ मारली, दिव्याची.

उन्हात तिचा खरा रंग मला खालून दिसला. "तात्या, चुकलो. ती डाळिंबी आहे. मीच भलती दिली."

त्यांचे हात थांबले. रस्त्यावरून एक बैलगाडी जात होती. ती पुलापार होईपर्यंत त्यांनी वायर बोटांत फिरवली.

"उन्हात धरून बघितली की मी," ते हळूच म्हणाले.

"हो."

"आता तुला कळलंच हाय. हिरवं आन् तांबडं मला दोनी एकच दिसतं. जलमापासनं." गाठ सोडत ते म्हणाले, "आमची कारभारीण सांगायची. आशीच खाली पडायची, पदर खोचून. बाया हसायच्या, पर ती न्हाय लाजली. वायर बघून म्हणायची, ही माझ्या डाळिंबी लुगड्यावाणी, ही मोरपंखीवाणी. ती गेली, आन् मला दुसऱ्याचं डोळं लागाया लागलं."

"पण मालकांनाच का पाडता? एखादा हाताखालचा माणूस..."

"त्यो संध्याकाळी हाटेलात सांगंल. बडा माणूस पाय वर करून पडला, की त्या दिसाचं कुटंच बोलत न्हाय." मिशीखाली ते जरा हसले. मग लगेच ओरडले, "बघतोस काय? मोरपंखी दे!"

रेडिओचा खोका त्यांनी टांगेवाल्याकडचा चामडी पट्टा आणून बकलानं आवळला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला मुद्दाम इंदापूरपर्यंत नेलं. लासुर्ण्याच्या खड्ड्यांतून गाडी उड्या मारत गेली. एक वायर हलली नाही. डावीकडं वळलो, हॉर्न गप्प. येताना डॉक्टरांनी रेडिओ लावला, जरा वेळ ऐकला आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात चार दिवस गावी जाऊन ये." म्हणजे नोकरी राहिली. मी मान हलवली. 

त्यानंतर रिकाम्या वेळी मी तात्यांकडं जाऊन मालकांच्या जागी खाली पडू लागलो. आभाळाकडचे बूट गेले, माझ्या अनवाणी पायांना कोण बघतो? गावाला चैन पडेना. "तात्या मऊ पडले," लोक म्हणू लागले.

गावी निघायच्या आदल्या दिवशी तात्यांनी मला घरी बोलावलं. एकच खोली. कोपऱ्यातली लोखंडी ट्रंक त्यांनी पुढं ओढली.

"हिची लुगडी. नावं समदी ठावं हाईत मला. पर कुटलं नाव कुटल्याचं, ते न्हाय. इतकी वर्सं उघडलीच न्हाय ट्रंक. विचारायचं कुनाला? तू सांग एकेक."

मी घडी उचलायची, उजेडात धरायची आणि सांगायचं. "मोरपंखी." तात्या पदराचं टोक हातात घेत आणि मेणाच्या दोऱ्यानं एक गाठ मारत. "अंजिरी." दोन गाठी. "आमसुली." तीन. प्रत्येक गाठ मारून झाली की डोळे मिटून अंगठ्यानं चाचपत, नाव पुटपुटत, आणि घडी पुन्हा नीट ठेवत.

तळाशी एक राहिलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी ते उचललं.

"हे ऱ्हायलं म्हंजी डाळिंबीच की. हाय न्हवं?"

"डाळिंबीच आहे, तात्या."

त्यांनी दोरा घेतला, बोटाभोवती गुंडाळला, आणि तसाच पुन्हा सोडून खिशात ठेवला.

"ह्याला गाठ नगं," लुगडं माझ्या हातात देत ते म्हणाले. "हे तुझ्या मंडळीला. नेसली की आठवणीनं कळव, कशी दिसतीया."