सासऱ्यांच्या तळघरातला बर्नर

“मेकॅनिक? मी घरात असताना मेकॅनिक? आई, लोक हसतील हो आपल्याला!”

असं म्हणून जावयाने चहाचा कप खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या. स्वेटरच्या सैल बाह्या त्या, लगेच घसरून मनगटावर आल्या. त्याने पुन्हा सरसावल्या.

सासूबाईंचा ऊर भरून आला. “बघितलंत?” त्या सासऱ्यांना म्हणाल्या. “लोकांचे जावई येतात ते पाहुणचार झोडायला. आपले बघा!”

सासऱ्यांनी काहीच बघितलं नाही. दोन शाली आणि एक कानटोपी असा बंदोबस्त करून ते खिडकीशी बसले होते. मनुष्य मुळातच अबोल, त्यात थंडीने जबडा धरलेला.

घर गारठलं होतं ते तळघरातल्या बर्नरमुळे. हा बर्नर डिझेलवर चालायचा आणि बॉयलरमधलं पाणी तापवायचा. ते पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरायचं आणि भिंतीलगतचे लोखंडी हीटर तापवायचं. सकाळी सहा वाजता बर्नरने मान टाकली. आता अकरा वाजले होते आणि बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. एरवी हा दिवस शाली पांघरून काढता आला असता, पण चार वाजता एक डॉक्टरीणबाई वरचा मजला भाड्याने घ्यायला, म्हणजे आधी बघायला, येणार होत्या. त्यांच्या म्हाताऱ्या आईला थंडी सोसत नव्हती. घर उबदार असेल तरच पुढचं बोलू, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. त्यांच्यासाठी म्हणून सासूबाईंनी घराला आतून पांढराशुभ्र रंग काढून घेतला होता. आठवडाही झाला नव्हता. भिंतीला कुणाची सावली पडली तरी त्यांना ती पुसून काढावीशी वाटायची.

जावई बर्नर बनवणाऱ्या कंपनीत होता, यात तिळमात्र खोटं नव्हतं. फक्त तो तिथे बर्नर बनवत नव्हता. बर्नरच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका घालतात, तिची प्रुफं तपासत होता. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, स्वल्पविराम. बारा वर्षांपूर्वी लग्न जमवताना त्याचे काका म्हणाले होते, “मुलाची नजर फिरल्याशिवाय कंपनीतून एकही बर्नर बाहेर पडत नाही!” सासूबाईंनी मनातल्या मनात त्याला इंजिनिअर केलं, मग गल्लीतल्या लोकांच्याही मनात केलं. त्याने आधी संकोचापोटी खुलासा केला नाही, नंतर सवयीने केला नाही, आणि पुढे पुढे तर त्याला स्वतःलाच ते थोडंसं खरं वाटू लागलं. बर्नर त्याला अक्षरशः पाठ होता, म्हणजे अक्षरांपुरता.

बायकोला सगळं ठाऊक होतं. तिने त्याला जिन्यात गाठलं.

“तू कशाला जातोस खाली? घरचा बल्ब बदलायला तुला वॉचमन लागतो.”

“बल्बची पुस्तिका कुठे असते? याची आहे! आमच्याच कंपनीचा बर्नर आहे. आणि पुस्तिका मी स्वतः तीनदा वाचलीय.”

“वाचणं वेगळं.”

“अगं, पोहायलाही लोक पुस्तकातून शिकतात.”

“आणि मग?”

जावई तोवर तळघरात उतरलाही होता.

बॉयलर चांगला छातीइतक्या उंचीचा होता. त्याच्या पोटाला लाल रंगाचा बर्नर चिकटवलेला, आणि त्यावर एक बटण, त्यात लाल दिवा. खिळ्याला पुस्तिका लटकत होती. तिला बघून त्याला परक्या गावात शाळेतला मित्र भेटावा तसं झालं. त्याने पान सात उघडलं. ‘लाल दिवा लागल्यास बर्नर आपोआप बंद झाला आहे असे समजावे. एक मिनिट थांबून बटण दाबावे.’

एक मिनिट थांबून त्याने बटण दाबलं. पंखा घूंऽऽ करून फिरला, आत कुठेतरी फुस्स झालं, आणि दहाएक सेकंदांत खटकन सगळं बंद! पुन्हा लाल दिवा.

त्याने पुढची ओळ वाचली. ‘पहिल्या वेळी बर्नर सुरू झाल्यास बटण पुन्हा दाबू नये.’

आता माणूस प्रुफं तपासणारा. वाक्याचा अर्थ लावणं हा त्याच्या हातचा मळ! सुरू झाला तर पुन्हा दाबायचं नाही. आपला सुरू झालाय का? नाही. मग? दाबायचं!

त्याने दुसऱ्यांदा दाबलं. घूंऽऽ, फुस्स, खट. तिसऱ्यांदा दाबलं. घूंऽऽ, फुस्स, खट.

“आई!” त्याने खालून हाळी दिली. “हीटरला हात लावून बघा, गरम होतोय का!”

सासूबाईंनी हात लावला. “नाही होऽऽ!”

चौथ्यांदा, पाचव्यांदा. दर खेपेला एक मिनिट थांबून, अगदी नियमाला धरून. थांबण्याच्या वेळात त्याने पान आठवरचा एक चुकलेला स्वल्पविराम शोधून काढला आणि त्याला फार वाईट वाटलं.

सहाव्या दाबानंतर जिन्यातून डिझेलचा वास वर चढायला लागला. सासऱ्यांनी कानटोपी जराशी वर करून नाक मोकळं केलं आणि दिवसातला पहिला शब्द उच्चारला. “वास.”

सासूबाई लगबगीने जिन्याच्या तोंडाशी आल्या. खाली सातव्यांदा घूंऽऽ चाललं होतं.

“अहो जावईबापू! पुरे! पुरे!”

त्या पंख्याच्या आवाजात खाली जावयाला ऐकू आलं, ‘पुढे! पुढे!’

वा! म्हणजे वर फरक पडतोय! त्याला दहा हत्तींचं बळ आलं. आठवा दाब.

“पुरेऽऽ!” सासूबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या आणि दोन पायऱ्या खाली उतरल्या.

“हो आई! चाललोच पुढे!” म्हणत त्याने नवव्यांदा बटण दाबलं.

या वेळी फुस्स झालं नाही.

धडाऽऽम!

बॉयलरचं झाकण फटकन उघडलं, धुराड्याचा पाइप सांध्यातून निखळला आणि तळघरातून काजळीचा एक काळा हत्ती उठून जिन्याने वर धावत सुटला. वाटेत त्याने सासूबाईंना पोटात घेतलं, बैठकीच्या खोलीला एक वेढा घातला, आणि मग सावकाश, घरचाच असल्यासारखा, सगळ्यांवर बसला.

खाली जावई बटण दाबणारं बोट तसंच पुढे धरून उभा होता. आपण जिवंत आहोत का, हे विचारायचं कुणाला, एवढाच प्रश्न त्याच्या डोक्यात होता. बायको किंचाळत खाली आली. तिने आधी त्याचे हात बघितले, पाय बघितले, भुवया बघितल्या. सगळं जागेवर होतं. मग तिने भिंतीवरचा बर्नरचा मुख्य खटका खाली ओढला, डिझेलचा नळ बंद केला आणि नवऱ्याला दंडाला धरून वर आणलं.

वर सासूबाई बैठकीच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांचे फक्त डोळे आणि दात तेवढे पांढरे राहिले होते. त्या भिंतींकडे बघत होत्या. चारही भिंती काळ्या. छत काळं. सासरे खिडकीशी जसेच्या तसे बसलेले, फक्त काळे. त्यांनी कानटोपी काढली तेव्हा तिच्याखालचं टक्कल तेवढं लख्ख निघालं.

“आई...” जावयाने तोंड उघडलं.

सासूबाईंची दातखीळ बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. डॉक्टरीणबाई! चारच्या ऐवजी बारालाच! दवाखान्यातून लवकर सुटका झाली म्हणून आलेल्या. दार बायकोने उघडलं, पण तिच्या मागे डॉक्टरीणबाईंना जे दिसलं त्याने त्या तीन पावलं मागे गेल्या आणि फाटकावर आपटल्या. मात्र बाई खमकी! दुसऱ्याच क्षणी आत शिरून त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि नाडी धरली.

“किती बोटं दिसतात?”

“भिंती काळ्या दिसतात,” सासूबाई म्हणाल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या.

“वाचा शाबूत आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि जावयाकडे वळल्या. “तुम्ही कोण?”

“हे आमचे इंजिनिअर जावई,” सासूबाई हुंदक्यातून म्हणाल्या.

मेकॅनिकला फोन बायकोने केला. तासाभरात बर्नर कंपनीचा निळा अंगरखा घातलेली एक ठेंगणी, चपळ बाई हातात अवजारांची पेटी घेऊन हजर झाली. गल्लीत सगळे तिला मेकॅनिक ताई म्हणत. तिने घराकडे एक नजर टाकली, पण जराही दचकली नाही. उलट दमून गेल्यासारखा सुस्कारा टाकला.

“किती वेळा दाबलंत?”

“नऊ,” जावई म्हणाला.

तळघरात जाऊन तिने बर्नर उघडला आणि एक पांढरी काडी त्याच्या नाकासमोर धरली. “ही ठिणगी पाडते. हिचं चिनी मातीचं आवरण तडकलंय. म्हणून ठिणगी पडत नव्हती. पण डिझेल काही थांबत नव्हतं! दर दाबाला आत फवारा. आठ फवारे साठले, आणि नवव्या वेळी नशिबाने ठिणगी पडली. बॉयलरचं झाकण दुसऱ्या बाजूला उघडलं म्हणून बरं, तुम्ही त्याच्यासमोर नव्हतात. एकदा दाबून सुरू झाला नाही की हात काढून घ्यायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं!”

“पण पुस्तिकेत...” जावई चाचरला.

“दाखवा बघू.”

तिने ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग तिचा चेहरा असा काही बदलला की सबंध दिवसात पहिल्यांदा ती दचकलेली दिसली.

“हे काय छापलंय? ‘सुरू झाल्यास पुन्हा दाबू नये’? अहो, ‘सुरू न झाल्यास’ हवं! मधला ‘न’ कुठे गेला? या हिवाळ्यातलं हे माझं तिसरं घर! मी म्हणतेय लोकांना झालंय तरी काय, सगळे बटणावर तुटून का पडतायत! कुठल्या गाढवाने तपासलंय हे?”

जावयाच्या पायाखालची जमीन सरकली. तीन वेळा वाचलेलं वाक्य, आणि ‘न’ नाही! आज तर हातात धरून वाचलं, तरी दिसलं नाही. अर्थ लावत बसलो!

सासूबाई मागोमाग जिना उतरून आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून पुस्तिकेचं शेवटचं पान न्याहाळलं आणि त्या काळवंडलेल्या चेहऱ्यावर अभिमान उजळला. “अगंबाई! ‘मजकूर तपासणी’च्या खाली आमच्या जावयांचं नाव छापलंय!”

मेकॅनिक ताईने जावयाकडे बघितलं. बायकोने डोळे मिटून घेतले. या नावाचा दुसराही एक माणूस आमच्याकडे आहे, असं एक वाक्य जावयाच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं. छान वाक्य होतं, व्याकरणही शुद्ध. पण त्याच्या डोळ्यांपुढे कुठल्याशा घरातली कुणीतरी आई आली, जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ‘पुरे पुरे’ म्हणणारी.

“तो गाढव मी,” तो म्हणाला. “आई, मी इंजिनिअर नाही. कधीच नव्हतो. मी ऱ्हस्व-दीर्घ बघतो.”

सासूबाई मट्‌कन पायरीवर बसल्या. “नुसतं... ऱ्हस्व-दीर्घ?”

“स्वल्पविरामही,” तो म्हणाला. त्याला वाटलं तेवढीच जरा बाजू सावरेल.

“मला माहीत होतं,” वरून आवाज आला. सासरे! जिन्याच्या तोंडाशी काळे सासरे उभे होते. “लग्नाआधी कंपनीत जाऊन विचारून आलो होतो. काम लाजिरवाणं नव्हतं, म्हणून बोललो नाही.”

बारा वर्षांत एवढं मोठं भाषण त्यांनी केलं नव्हतं. सासूबाईंना दिवसातला सगळ्यात मोठा धक्का कुठला बसला असेल तर हा! “आणि मला सांगितलं नाहीत?”

“बोलायला जागा कुठे होती?” म्हणून सासरे परत खिडकीशी गेले.

जावयाने तिथेच कंपनीच्या मालकांना फोन लावला. सुट्टीचा दिवस, मालक झोपेत. सोमवारी बघू, म्हणाले. “नाही साहेब,” तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून चपापला. “आज. आत्ता. चार हजार घरांत ती पुस्तिका आहे, आणि चूक माझी आहे.” मालकांची झोप उडाली. त्यांनी आधी पाच मिनिटं त्याची आईबापांसकट आठवण काढली, मग माणसं कामाला लावली. संध्याकाळपर्यंत बहुतेक गिऱ्हाइकांना निरोप पोचले, उरलेल्या घरांना दुसऱ्या दिवशी माणसं गेली. चौथा स्फोट काही झाला नाही.

तीन वाजता घर तापलं. डॉक्टरीणबाईंनी वरचा मजला घेतला, पुन्हा रंग काढून देण्याच्या अटीवर. रंग जावयाने काढला. सासूबाईंनी खुर्ची टाकून, शेजारी बसून, काढून घेतला.

सोमवारी मालकांनी त्याला नोकरीवरून काढलं नाही, पण शिक्षा फर्मावली. सहा महिने मेकॅनिक लोकांबरोबर घरोघर हिंडायचं, बर्नर हाताने उघडायचा, काजळी पुसायची, आणि मगच पुन्हा प्रुफांना हात लावायचा! त्याने मेकॅनिक ताईचीच जोडी मागून घेतली. तिने नकार दिला, मग मालकांनी तिलाही फर्मावलं.

पहिल्या दिवशी पहिल्या घरासमोर ती गाडी लावत होती. नवाकोरा निळा अंगरखा घालून, हातात जड पेटी घेऊन तो पुढे गेला आणि त्याने घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या बाईने त्याला नखशिखान्त न्याहाळलं, तिचा गारठलेला चेहरा खुलला, आणि आत तोंड वळवून ती आनंदाने ओरडली, “अहो, मेकॅनिक आले!”

जावई चटकन बाजूला झाला आणि मेकॅनिक कुठे आलेत ते मागे वळून बघू लागला.