जहाज टेबलाला लागलं

एका स्टुलाचा पाय डुगडुगत होता, एवढ्यावरून हे सगळं रामायण झालं.

स्टूल शेरेरावांच्या घरचं. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता पगारपत्रकातच उरलंय. ऑफिसच्या रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं समोर येईल त्या कागदावर शेरा मारून मारून त्यांचं नाव शेरेराव पडलं ते पडलंच. 'पाहिले.' 'मान्य.' 'पान तीन फाटके आहे, तसेच ठेवले.' (एकदा त्यांनी बायकोच्या किराणा यादीवर 'साखर: परत?' असा शेरा मारला होता. पुढचे चार दिवस चहा बिनसाखरेचा मिळाला. त्यावर शेरा मारायची त्यांची छाती झाली नाही.)

तर स्टूल. त्या वेळी सासरे दोन दिवस राहायला आले होते. सासरे हाडाचे सुतार. चाळीस वर्षं रंधा चालवलेला माणूस. लाकूड हातात घेतलं की आधी वास घेणार, मग त्यावर अंगठा फिरवणार, आणि मग वाटलं तर बोलणार. शेरेरावांच्या घरातलं जेवणाचं टेबल त्यांनीच लेकीच्या लग्नात स्वतःच्या हातांनी करून दिलेलं. त्यात औषधालासुद्धा खिळा नाही. अशा माणसासमोर शेरेराव हातोडी घेऊन बसले आणि पहिला ठोका स्वतःच्या अंगठ्यावर घालून मोकळे झाले. सासरे उठले, त्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि अगदी मायेनं म्हणाले, "राहू द्या जावईबापू. हे लाकडाचं काम आहे."

झालं! रागावले असते तर एक वेळ चाललं असतं. पण ती माया शेरेरावांच्या जिव्हारी लागली. लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत 'काम चांगलं झालंय' हे तीन शब्द सासऱ्यांच्या तोंडून त्यांनी कधी ऐकले नव्हते. ते ऐकल्याशिवाय राहायचं नाही, असं त्यांनी सुजलेला अंगठा पाण्यात बुडवून ठरवलं. सासरे पाच महिन्यांनी परत येणार होते. तेवढ्या अवधीत माणूस काय वाटेल ते करू शकतो, असं आपलं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ते एक भलामोठा खोका घेऊन आले. खोक्यावर चित्र होतं तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाऊ जहाजाचं. तीन डोलकाठ्या, एकवीस शिडं, चौसष्ट तोफा. खोक्याच्या आत होत्या काड्या.

"हे काय आणलंत?"

"जहाज."

बायकोनं खोक्यात डोकावून पाहिलं. "फुटलं का वाटेत?"

"जोडायचं असतं ते. एकास शंभर प्रमाण. अस्सल लाकूड."

"आणि जोडणार कोण?"

शेरेराव नुसते ताठ उभे राहिले.

"अगं बाई!" बायको म्हणाली. "आणि कुठे जोडणार?"

जोडायला घरात जागा एकच होती, ती म्हणजे टेबल. "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे," असं शेरेरावांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले. (खोक्यावर 'वय वर्षे बारा व पुढे' असं छापलेलं होतं. त्याखाली शेरेरावांनी 'पात्र' असं लिहून सही केली.)

खोक्यात माहितीपुस्तिका होती, तिच्यात एकशे अठरा क्रमांक होते. शेरेरावांना ती फार आवडली. एकेक क्रमांक वाचायचा, करायचा, त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची आणि तारीख घालायची. हे तर त्यांचं रोजचंच काम! पहिल्या आठवड्यात जहाजाचा कणा झाला, दुसऱ्या महिन्यात बरगड्या उभ्या राहिल्या. मग आल्या फळ्या. फळ्या म्हणजे बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या. त्या गरम पाण्यात भिजवायच्या, वाकवायच्या, गोंद लावून बरगड्यांना चिकटवायच्या आणि वाळेपर्यंत चिमट्यांनी दाबून ठेवायच्या. गरम पाण्यासाठी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं गेलं. चिमटे मात्र खोक्यात नव्हते. मग दोरीवरचे कपड्यांचे चिमटे, एकूण एक, जहाजाला लागले.

त्याचा परिणाम असा झाला की वारा सुटला की शेरेरावांच्या घरचे कपडे गावभर. एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या. हातात एक बनियन, दोन बोटांत धरलेलं.

"हे आमच्या कुंड्यांत पडलं होतं. तुमच्याकडे चिमटे नाहीत का हो?"

"आहेत ना. सगळे जहाजावर आहेत."

"आणि मिस्टर?"

"तेही जहाजावरच. ऑफिसातून आले की लगेच जातात."

"रोज येऊन-जाऊन करतात?" बाईंनी विचारलं. "लांब पडत असेल नाही?"

बायकोनं समजावून सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. काय सांगणार? की आमचे हे, वय वर्षे अठ्ठेचाळीस, आत टेबलाशी ओणवे होऊन काड्या चिकटवतायत? त्यापेक्षा जहाजावर आहेत तेच बरं. तेव्हापासून त्या बाई जिन्यात शेरेरावांना वाट देऊ लागल्या. शेरेरावांना कारण कळलं नाही, पण मान मिळतोय म्हटल्यावर त्यांनी चौकशीही केली नाही.

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट झाली. एके संध्याकाळी शेरेरावांनी क्रमांक एकेचाळीस, म्हणजे जहाजाच्या तळाला गोंद माखणं, पुरा केला, खूण केली, पान उलटलं, तर पुढे क्रमांक सेहेचाळीस. दुसरा कुणी असता तर त्यानं पान मागे-पुढे करून पाहिलं असतं, दुकानदाराशी भांडला असता. पण शेरेराव रेकॉर्ड विभागातले. तिथे पानं गहाळ व्हायचीच. गहाळ झालेलं पान शोधत बसायचं नसतं, ते गहाळ आहे असं लिहून ठेवायचं असतं. त्यांनी पेन काढलं आणि समासात लिहिलं, 'क्र. ४२ ते ४५ आढळून आले नाहीत. पुढील कार्यवाही करावी.' आणि पुढील कार्यवाही केली. म्हणजे गोंदानं माखलेलं जहाज तसंच टेबलावर ठेवलं, वर वजन म्हणून शब्दकोशाचे दोन खंड ठेवले आणि शेजारी एक चिठ्ठी लावली: 'हलवू नये. हुकमावरून.'

हुकूम इतका कडक पाळला गेला की पुढचे दोन महिने जहाजाला कुणी हलवलं नाही. बायको फडकं आजूबाजूने फिरवायची. शेरेराव स्वतः खुर्ची उचलून जहाजाच्या चारी बाजूंनी फिरले, डोलकाठ्या लावल्या, शिडं बांधली, तोफा बसवल्या. (चौसष्टपैकी एकोणसाठ. पाच सापडल्या नाहीत. तसा शेरा आहे.)

सासरे येणार त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, शेरेरावांनी क्रमांक एकशे अठराच्या पुढे खूण केली. डोळे भरून जहाजाकडे पाहिलं. जरासं एका अंगाला कललेलं होतं, पण समुद्रातली जहाजं कलतातच.

"आता तरी कपाटावर ठेवा ते," बायको म्हणाली. "बाबा येतायत. त्यांना त्यांच्या टेबलावर जेवायला वाढू दे मला."

शेरेरावांनी दोन्ही हातांनी जहाज धरलं आणि उचललं.

"अहो, टेबल कशाला उचलताय?"

"मी जहाज उचलतोय."

"नाही. टेबल उचललंय तुम्ही. तो पाय बघा वर आलाय."

दोघांनी पायाकडे पाहिलं. शेरेरावांनी जहाज हळूच खाली ठेवलं, तसा पायही खाली टेकला. परत उचललं, परत पाय वर आला. मग बायकोनं पुस्तिका ओढून घेतली आणि एकेक पान चिमटीत धरून पाहू लागली. एका पानापाशी थांबली. ते पान जरा जाड लागत होतं. तिनं नखानं कड सोडवली तसं एका पानाची दोन पानं झाली, मध्ये गोंदाचा सुकलेला ओघळ.

"'क्रमांक बेचाळीस,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "'महत्त्वाचे. तळाला गोंद लावल्यावर जहाज स्टँडवर ठेवावे. टेबलावर ठेवू नये. क्रमांक त्रेचाळीस. टेबलावर ठेवले असल्यास ताबडतोब उचलावे.'"

"दोन महिने उशीर झालाय," शेरेराव म्हणाले.

मग उलथनं झालं, सुरी झाली, गरम पाण्याच्या पट्ट्या झाल्या, जहाजाखालून दोरा घालून दोन टोकांनी ओढणं झालं. दोरा तुटला. जहाज तसूभर हललं नाही. टेबलाचं पॉलिश मात्र बोटभर उडालं, आणि ते पाहून बायको खाली बसली.

"बाबांचं टेबल आहे हो ते," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "तीन महिने खपत होते त्यावर. आईनं लाकूड निवडलं होतं."

शेरेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांना खूश करायला निघालेला माणूस सासऱ्यांच्याच टेबलाचं वाटोळं करून बसला होता. उद्या त्यांना काय तोंड दाखवायचं?

पण बायको ती बायको. डोळे पुसले, उठली, कपाटातून जुनी निळी चादर काढली, मधोमध जहाजाच्या मापाचं भोक कापलं आणि जहाजाच्या डोक्यावरून ती खाली उतरवली. दोन शिडं फाटली, पण गोंदाची कड झाकली गेली.

"हा समुद्र," ती म्हणाली. "बाबांना सांगायचं, शोभेसाठी केलाय. आणि हात लावू द्यायचा नाही."

सासरे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायले आणि थेट टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"तुम्ही केलंत?"

"हो. म्हणजे, वेळ मिळेल तसं."

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि एक डोलकाठी दोन बोटांनी धरली. ती निघून त्यांच्या हातात आली. त्यांनी ती चादरीवर ठेवली. मग कठड्यावर अंगठा फिरवला, तर वीतभर कठडा अंगठ्याबरोबर आला. पाठोपाठ तीन तोफा समुद्रावरून घरंगळत टेबलाखाली गेल्या.

"असू दे, असू दे," सासरे म्हणाले. "तळ दाखवा जरा. जहाजाचं काम तळावर कळतं."

"तळ पाण्याखाली आहे," शेरेराव म्हणाले.

"बाबा, आधी चहा घ्या ना!" बायको मध्ये पडली. पण सासऱ्यांनी तोवर दोन्ही हात जहाजाला घातले होते. त्यांनी उचललं, आणि टेबलाचा पाय जमिनीवरून वर आला. सासऱ्यांनी पायाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होती.

मग त्यांनी चादरीची कड वर केली.

"माझं चुकलं," शेरेराव एका दमात म्हणाले. "गोंद लागला. क्रमांक बेचाळीस मी पाहिलाच नाही. टेबल खराब झालं. मला एवढंच वाटत होतं की एकदा तुम्ही म्हणावं, काम चांगलं झालंय. म्हणून केलं हो सगळं. बाकी काही नाही."

सासरे वाकले. जहाज टेबलाला जिथे चिकटलं होतं तिथे त्यांनी नख फिरवलं, अंगठा फिरवला. चिकटलेल्या जागेवर मूठ आपटून कान दिला. वाससुद्धा घेतला. सरळ झाले तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले.

शेरेरावांना ऐकू आलं ते खरं वाटेना.

"थट्टा नाही करत. चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली शंभर पोरं शिकली, असा सांधा एकालाही साधला नाही. ह्यात केससुद्धा जायचा नाही. अख्ख्या जहाजात हा एकच सांधा पक्का बसलाय. तो टेबलाचा निघाला, त्याला आपण काय करणार?"

"पण आता हे सुटणार कसं?" बायकोनं विचारलं.

"सुटायचं नाही. टेबल वाचवायचं तर जहाज कापावं लागेल. जहाज वाचवायचं तर टेबल." सासऱ्यांनी टेबलावरून हात फिरवला. घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश. "टेबल कापू."

"बाबा!"

"अगं, टेबल मी दुसरं करीन. तीन महिन्यांचं काम. जहाज ह्यांच्याच्यानं पुन्हा व्हायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून पट्टी आणि पेन्सिल काढली. शेरेराव स्वयंपाकघरात बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले.

"ते मला चांगलं म्हणाले का वाईट?" त्यांनी हळूच विचारलं.

"आईनं निवडलेलं लाकूड तुमच्यापायी कापायला निघालेत," बायको चहाचं आधण ठेवत म्हणाली. "आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

खरंच की! शेरेरावांची छाती भरून आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण ह्या घरात शोभतो. ते दोन कप हातात घेऊन ऐटीत बाहेर निघाले. सासरे टेबलावर चौकोन आखून जहाजाभोवती दोनदा फिरले होते आणि आता कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून उभे होते.

"जावईबापू, एवढं सांगा," ते म्हणाले. "ह्याला गोल कडेचा स्टँड करतो, पुढच्या बाजूला तुमचं नाव कोरतो. फक्त ह्या जहाजाची पुढची बाजू कुठली?"

शेरेरावांनी जहाजाकडे या अंगानं पाहिलं, त्या अंगानं पाहिलं, आणि चहा खाली ठेवून पुस्तिका शोधू लागले.