फादरांकडे गेलेली जुडी

ओदीलने वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली. आत शतावरीचे पांढरे कोंब होते.

"अहो, माझ्या कळ्या कुठायत?"

रेमीने पाव कॉफीत बुडवला. "काल फादरांना जुडी नेऊन दिली की. तूच म्हणालीस, शतावरी देऊन या."

"ती खालच्या फळीवरची हो! वरच्या फळीवर माझ्या कळ्या होत्या!"

सासूबाईंची गुलाबी पिओनी, एदुलिस सुपर्बा जातीची, साऱ्या गावाआधी फुलायची. आणि फूल असं भरगच्च, की एक सर आली तरी चिखलात तोंड खुपसायचं. म्हणून ओदील कळ्या मऊ झाल्या की कापायची, एप्रनच्या निळ्या नाडीने बांधायची, कोरड्याच कागदात गुंडाळून तळघरात निजवायची आणि पवित्र भाकरीच्या सणाला सकाळीच पाण्यात जागवायची. त्या दिवशी मिरवणूक दारोदारच्या वेद्यांपाशी थांबायची; आपल्या दारातली वेदी याच फुलांनी सजेल, असा शब्द तिने सासूबाईंना त्यांच्या अखेरच्या आजारात दिला होता. मिरवणूक आज दुपारी होती.

ती सपातांनिशी फादरांच्या घरी धावली. दार फादर मातुरँ यांनीच उघडलं.

"फादर, कालची जुडी..."

"वा, काय शतावरी! लोणी नुसतं! रात्रीच संपवली."

"सगळी?" ओदीलने त्यांचा चेहरा निरखला. "कडू नाही लागली?"

"छे हो!"

"आणि पोट?"

"उत्तम आहे. का?"

ती घरी येईपर्यंत जपमाळ ओढत होती. देवा, फादरांच्या पोटात माझ्या कळ्या गेल्यात, मिरवणूक संपेपर्यंत तरी त्यांना धड ठेव. वेदीवर ठेवायला दुसरं काहीच नव्हतं. शेवटी तिने शतावरीलाच रेशमी फीत बांधली आणि ती फुलदाणीत उभी केली.

मिरवणुकीचा पहिला थांबा शेजारच्या सोलांजच्या दारी होता. तिची वेदी गुलाबी पिओनींनी ओसंडत होती. बाहेर रुंद पाकळ्या, आत झालरीवर झालर, आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत.

"मूळ तूच दिलेलं गं, ओदील," सोलांज कुजबुजली. "खोल पुरलं म्हणून रुसलेलं झाड, यंदा एकदाचं फुललं बघ!"

देठांना ओदीलच्या एप्रनची निळी नाडी बांधलेली होती.

ओदीलने नाडीकडे पाहिलं, मग फादरांकडे. त्यांनीही नाडी पाहिली होती. त्यांचे कान लालबुंद झाले. मे-जूनमध्ये घरोघरची शतावरी फादरांकडे यायची. ती न उघडताच दुसऱ्याच कुणाच्या घरी जाते, हे तिला आत्ता कळलं. तोंड उघडावं, तर भर वेदीसमोर फादर खोटे पडणार. गप्प बसावं, तर सासूबाईंना दिलेला शब्द मोडणार.

फादर खाकरले. "यंदा, अं, एक नवी रीत. पहिल्या वेदीची सगळी फुलं दुसऱ्या वेदीवर वाहायची. सोलांजबाई, उचला."

"सगळी? अहो फादर, पण माझ्या वेदीवर..."

"सगळी!"

सोलांज फणकारत फुलं घेऊन पुढे चालली. ओदीलच्या दारी शतावरी दिसताच गाणाऱ्यांचा सूर चुकला. फुलदाणी बाजूला सरली, फुलं जागेवर आली. प्रार्थनेनंतर फादर खाली वाकून पुटपुटले, "बाई, मला क्षमा करा."

"क्षमा कशाची, फादर?" ओदील नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "तुम्हांला शतावरी इतकी आवडते. रात्री जेवायलाच या. ही सगळी तुमच्याच ताटात वाढते."