फॉस्टिनाची सुटका

ज्यानं आयुष्यात हजारो अक्कलदाढा उपटल्या त्याला प्लास्टिकची एक डबी काय जड जाणार, असा डॉक्टर थॅडियस ग्रीनली यांचा सरळ हिशेब होता. अमेरिकेतल्या अर्ध्या डेटन शहराच्या तोंडात त्यांचा चिमटा फिरून आलेला. आता दवाखाना विकून टाकल्यावर ते दोनच कामं मनापासून करत. रविवारी चर्चमध्ये डीकन, म्हणजे रेव्हरंडच्या हाताखालचा मानकरी, म्हणून पहिल्या बाकावर बसायचं आणि रेव्हरंड मूडींचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरलं की मान डोलवत त्यांना साथ द्यायची. आणि शनिवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत रोमन नाण्यांच्या मंडळात जाऊन भांडायचं.

भांडण कायम त्या डब्यांवरूनच. नाणी पारखणाऱ्या कंपन्या हल्ली नाण्याला गुण देतात, जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं चिणतात आणि वर लेबल लावतात. इतर नाणीवाले त्या डबीची पूजा करतात म्हणा ना. रोमन नाणीवाले मात्र तिचं नाव काढलं की पेटतात. जे नाणं कुणा शिपायाच्या मुठीत घामेजलं, ज्यानं कुणासाठी तेल आणि मासळी आणली, ते आपण काचेआडच्या कैद्यासारखं नुसतं बघायचं? तळहातावर घ्यायचं नाही? म्हणून या मंडळात कुणी नवं नाणं आणलं की आधी डबी फोडायची आणि मग कॉफी प्यायची, अशी रीतच पडून गेली होती. ‘लेबल वाचू नका, नाणं वाचा’ हे त्यांचं ब्रीद. ते सगळ्यांत मोठ्या आवाजात डॉक्टरच म्हणत.

आणि डॉक्टरांच्याच दिवाणखान्यात, शेकोटीवरच्या फळीवर, मधोमध, अशी एक डबी ताठ उभी होती.

आत होती फॉस्टिना. रोमच्या एका सम्राटाची राणी. चांदीचं नाणं, केसांचा अंबाडा थेट टाळूवर. लग्नाच्या वाढदिवसाला अर्नेस्टीननं, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीनं, प्रदर्शनात जाऊन स्वतः निवडून आणलं होतं. विक्रेत्यानं तिला सांगितलं की ही राणी वारल्यावर नवऱ्यानं तिच्या आठवणीत नाणी पाडली, आणि वर्षानुवर्षं पाडतच राहिला. अर्नेस्टीननं तिथेच पर्स उघडली. घरी येऊन ती डॉक्टरांना म्हणाली होती, “बघ, असेही नवरे असतात.” तेव्हापासून ती डबी रोज पुसत होती. घरी येईल त्या प्रत्येकाला ती आधी फॉस्टिनापुढे उभं करायची, मग बसायला सांगायची.

ही बातमी कशी कोण जाणे मंडळात पोचली. स्टॅन कोवाल्चिक हा कारखान्यातून निवृत्त झालेला गडी, जिभेवर कायम धार. त्यानं भर सभेत विचारलं, “डॉक्टर, तुम्ही घरी तुरुंग चालवता असं ऐकलं. भेटीची वेळ काय असते?”

सगळी खोली हसली. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुढच्या शनिवारी राणीला मोकळं करून तुमच्या हातावर ठेवतो, असा शब्द ते देऊन बसले.

शब्द दिला खरा, पण अर्नेस्टीनला विचारायची छाती होईना. मग त्यांनी बेत आखला. डबी फोडायची नाही, उकलायची. दाढ काढताना हिरडी कशी अलगद सोडवतात, तशी सांध्यावरून सोडवायची. राणीला मंडळात मिरवून आणायचं, परत आत निजवायचं, गोंदाचा एक थेंब. अर्नेस्टीनला कळणारसुद्धा नाही.

शनिवार उजाडला. त्याच संध्याकाळी चर्चमध्ये रेव्हरंड मूडींच्या सेवेच्या वर्धापनदिनाचं जेवण होतं. अशा जेवणात अर्नेस्टीनची मॅकरोनी म्हणजे मानाचं पान. त्या चर्चमध्ये माणसं ताटात मॅकरोनी घेण्याआधी ‘ही कुणी केलीय?’ एवढंच विचारतात, आणि उत्तर अर्नेस्टीन नसेल तर पोट बरं नसल्याचं सांगतात. सकाळी तिनं भलंमोठं भांडं भरलं, दूध-अंडी ओतली आणि वर पसरायचं चीज कमी पडतंय म्हणून भांडं ओट्यावर उघडंच ठेवून ती दुकानात गेली.

डॉक्टरांनी संधी साधली. गॅरेजात अंधार आणि गारठा, म्हणून ते स्वयंपाकघरातच खिडकीपाशी उभे राहिले. मंडळातले लोक डबी टॉवेलात गुंडाळून मगच दाबतात. डॉक्टरांना वाटलं, टॉवेल नवशिक्यांना लागतो. त्यांनी जुना चिमटा काढला, डबीचा कोपरा धरला, आणि सवयीनं “आता जरा दाबल्यासारखं वाटेल” असं म्हणून मनगट फिरवलं.

डबी उकलली नाही. बंदुकीचा बार व्हावा तशी फुटली. प्लास्टिकचे तुकडे चहूकडे उडाले, लेबल सिंकमध्ये जाऊन भिजलं, आणि फॉस्टिना दिसेनाशी झाली.

डॉक्टर गुडघ्यांवर आले. फ्रीजखाली बघितलं, चुलीमागे बघितलं, पाव भाजायच्या यंत्रात बोटं घातली, पायमोज्यांच्या घड्यासुद्धा चाचपल्या. कुठे नाही. दारात गाडी वाजली तेव्हा त्यांनी तुकडे गोळा करून खिशात कोंबले आणि हातात झाडू घेतला.

अर्नेस्टीन आली. नवऱ्याच्या हातात झाडू बघून ती क्षणभर थबकली. त्याला ताप तर नाही, असं विचारून तिनं कपाळाला हात लावून पाहिला. मग भांड्यावर चीजचा जाड थर पसरला आणि भांडं भट्टीत सरकवलं. भट्टीचं दार बंद झालं आणि डॉक्टरांच्या डोक्यात उजेड पडला. नाणं पडल्याचा आवाजच झाला नव्हता! चांदीचं नाणं फरशीवर पडलं तर खणखणेल, लाकडावर पडलं तर टणकन वाजेल. आवाज न होता ते पडू शकेल अशी त्या स्वयंपाकघरात एकच मऊ जागा होती.

पुढचा सारा दिवस डॉक्टर त्या मॅकरोनीभोवती घुटमळले. मंडळात गेलेच नाहीत. शिजलीय का बघतो म्हणून चमचा खुपसायला गेले तर हातावर फटका बसला. थोडी चाखतो म्हटलं तर अर्नेस्टीन म्हणाली, “रेव्हरंडच्या आधी? डीकन ना तू?”

संध्याकाळी चर्चच्या तळघरात टेबलं मांडली गेली आणि डॉक्टरांनी सगळ्यांना चकित केलं. त्यांनी एप्रन बांधला आणि मॅकरोनी मी वाढणार म्हणून जाहीर केलं. इतक्या वर्षांत ज्या माणसानं स्वतःचं ताट उचललं नव्हतं त्याच्या अंगी ही सेवाबुद्धी बघून दोन म्हाताऱ्यांनी तर डोळे टिपले.

पण रांग पुढे सरकेना. डॉक्टर एक डाव उचलत, दुसऱ्या हातातल्या काट्यानं त्याला चार ठिकाणी भोसकत, उजेडात धरून न्याहाळत, आणि मगच ताटात सोडत. एकीनं काय बघताय म्हणून विचारलं. काही नाही, खात्री करून घेतोय, असं ते म्हणाले.

एवढं पुरेसं होतं. सिस्टर अर्नेस्टीनच्या (त्या चर्चमध्ये प्रत्येक बाई सिस्टरच) मॅकरोनीत काहीतरी आहे, ही कुजबुज रांगेच्या शेवटापर्यंत पोचेतो त्या काहीतरीचं झुरळ झालेलं होतं. लोक हळूच पलीकडच्या टेबलाकडे वळू लागले. तिथे सिस्टर व्हेल्मा आपली मॅकरोनी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या भांड्याचा तळ आजवर कुणी पाहिला नव्हता. आज तो दिसू लागला.

अर्नेस्टीन पाण्याचे पेले घेऊन आली आणि जागीच थिजली. तिचं भांडं अर्ध्याहून जास्त भरलेलं. समोर रांग नाही. आणि मागे नवरा, काट्यानं मॅकरोनी उकरत बसलेला. तिनं पेले ठेवले, आणि हात एप्रनला पुसत राहिली. हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली. ते बघून डॉक्टरांनी काटा खाली ठेवला. फॉस्टिना गेली खड्ड्यात, आता सगळं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात रेव्हरंड मूडी उठले. कुणाची मान खाली गेलेली त्यांना आधी दिसायची, हा त्यांचा गुणच होता. ते आपलं ताट घेऊन सरळ आले आणि सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सिस्टर अर्नेस्टीन, कोपऱ्याचा खरपूस तुकडा माझा असतो. तो दुसऱ्या कुणाला दिलात का?”

त्यांनी हातानंच कोपरा उचलला, डॉक्टर “रेव्हरंड, थांबा” म्हणेपर्यंत तोंडात टाकला, आणि डोळे मिटून चावला.

कट्ट.

रेव्हरंडनी तोंडातून आधी दाताचा एक कपचा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग एक चीजनं माखलेली राणी काढली, तिला रुमालानं पुसलं आणि दिव्याकडे धरलं.

“डीकन ग्रीनली,” ते म्हणाले, “ही बाई तुमच्या ओळखीची आहे का?”

डॉक्टरांनी तिथेच सगळं सांगितलं. डबी, चिमटा, स्टॅनला दिलेला शब्द, सगळं. हसून हसून लोकांच्या बरगड्या दुखल्या, आणि झुरळाची खोटी अफवा मिटल्यामुळे भांडं बघता बघता चाटून पुसून साफ झालं. जेवणानंतर सगळे वर प्रार्थनागृहात गेले आणि रेव्हरंड प्रवचनाला उभे राहिले. पुढचा दात अर्धा गेल्यामुळे ‘येशू’ म्हणताना बारीक शीळ वाजायची. ऑर्गनवाल्यानं पहिल्या दोन शिळा ऐकल्या आणि तिसऱ्या शिळेला तोच सूर धरला. मग काय विचारता! शब्द, शीळ, सूर, टाळ्या, सगळं एकात एक मिसळलं, माणसं बाकांवरून उठून डोलायला लागली. असं भरलेलं प्रवचन त्या चर्चमध्ये पुन्हा झालं नाही असं आजही म्हणतात.

घरी परतताना डॉक्टरांनी खिशातून फॉस्टिना काढून तिच्या तळहातावर ठेवली. गालावर दाताची एवढीशी खाच सोडली तर राणी धडधाकट होती.

“बघ,” ते म्हणाले, “काही बिघडलं नाही.”

“आणि डबी?”

“डबीचं काय घेऊन बसलीस? नाणं महत्त्वाचं.”

“तुझ्यासाठी,” अर्नेस्टीन म्हणाली. “तुझ्या कपाटातली ती काळ्या काळ्या चकत्यांची चळत मी चाळीस वर्षं पुसतेय, थॅडियस. कोण राजा, कोण राणी, मला एकही ओळखता येत नाही, आणि तू विचारू देत नाहीस. भिंग घे, नाणं वाच म्हणतोस. त्या डबीवर नाव लिहिलेलं होतं. आलेल्या माणसाला मी स्वतः सांगायचे, ही कोण ते. तेवढं एकच मला यायचं.”



पुढच्या शनिवारी त्यांनी मंडळात खालच्या आवाजात विचारलं की नाणं परत डबीत घालायचं असेल तर कुठे पाठवतात. स्टॅननं खुर्ची मागे सरकवून उभं राहून ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. डॉक्टर खाली मान घालून कॉफी पीत राहिले, पण पत्ता लिहून घेतला.

फॉस्टिना नव्या डबीत परत आली. गुण पहिल्यापेक्षा कमी पडले, आणि कंपनीनं लेबलावर कारणही छापलं: ‘दाताची खूण’. अर्नेस्टीन आता पाहुण्यांना राणीचं नाव सांगते, नवऱ्याचं प्रेम सांगते, मग शेवटची ओळ सावकाश वाचते आणि म्हणते, “पुढचं डॉक्टर सांगतील.”