नलूताईंची पन्नास मिनिटं

आमच्या गिरगावातल्या इमारतीत नलूताई कोणालाही पन्नास मिनिटांच्या वर सहन करत नाहीत. पन्नासावं मिनिट भरलं की "आपली वेळ संपली" म्हणून उठतात. सत्यनारायणाची कथा सांगणाऱ्या गुरुजींनाही त्यांनी हेच सुनावलं होतं. कथेतल्या जावयाची नौका बुडाली ती त्या वर्षी बुडालीच.

नलूताई मनोविश्लेषक. त्यांनी पाटी लावली तेव्हा या भागात असं काम करणारी दुसरी बाई नव्हती, गरजू मात्र घरटी एक होता. पेशंटने दिवाणावर पडून मनात येईल ते बोलायचं, बाई त्याच्या डोक्यामागे गप्प बसणार. गप्प बसायला विलायतेत शिकावं लागतं हे ऐकून माझी आई वडिलांकडे आदराने पाहू लागली.

"विसरत कोणी नसतं, विसरायचं ठरवतात," हा त्यांचा सिद्धांत. त्यांची छत्री परत करायला मी विसरलो, तर छत्री राहिली बाजूला, माझं आईशी काय भांडण आहे याचीच चौकशी झाली. भांडण निघालंही, ते सोडा.

पुढे इमारत पाडून टॉवर बांधायचं ठरलं. नलूताई सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्या. बाईला जादा जागा हवी, असा कमिटीने एकमताने निष्कर्ष काढला आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मला धाडलं.

गुरुवारी चारला गेलो. दार उघडं. दिवाणावर धुतलेली चादर, मागच्या खुर्चीत नलूताई, पेशंट कोणी नाही. मला त्यांनी खुणेनेच बसवलं. पाचला दहा कमी असताना त्या रिकाम्या दिवाणाला म्हणाल्या, "आपली वेळ संपली." बाईंचं वय झालं, मी मनात म्हटलं.

मग त्यांनीच सांगितलं. एक बाई दोन वर्षं दर गुरुवारी येऊन नुसती पडून राहायची. एक अक्षर बोलली नाही. एका गुरुवारी पन्नासाव्या मिनिटाला म्हणाली, "माझा मुलगा..."

"मग?"

"मी वेळ संपल्याचं सांगितलं. नियम होता."

ती चपला घालून गेली ती परत आली नाही. याला वीस वर्षं झाली. दर गुरुवारची तिची वेळ नलूताईंनी दुसऱ्या कोणाला दिली नाही.

"तिला हाच पत्ता माहीत आहे रे," त्या म्हणाल्या. "इमारत पाडलीत तर ती येईल कुठे?"

इतकी वर्षं केलेल्या थट्टेची मला लाज वाटली. मी बोलून गेलो, बांधकाम होईस्तोवर गुरुवारी चारला मी फाटकाशी थांबेन, कोणी तुम्हाला विचारत आलं तर तुमच्याकडे घेऊन येईन.

नलूताईंनी चष्मा पुसून सही केली. कागद माझ्या हातात देताना म्हणाल्या, "पाच वाजले म्हणून निघू नकोस हं. तिला वेळ लागतो."