सतरा नंबरचा जोड

ओव्हाळ मास्तर कोणतीही खुर्ची उलटी करून बघितल्याशिवाय तिच्यावर बसत नसत. दवाखान्यातली असो, बँकेतली असो, नाहीतर कुणाकडे सांत्वनाला गेल्यावर पुढे केलेली असो. खुर्चीचे पाय वर करायचे, खिशातून बोटाएवढा लोखंडी पंच काढून प्रत्येक सांध्यावर टकटक करायची, अंगठा फिरवायचा आणि मग एकतर बसायचं, नाहीतर "मी उभा बरा आहे" म्हणायचं. ते उभे राहिले की आधीच बसलेली माणसं अस्वस्थ व्हायची.

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हाही हेच झालं. त्या वेळी हिंजवडीत काचेच्या इमारती मोजक्या आणि बाकी शेतं होती. मास्तरांनी भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डिंग केलं होतं. कारखान्यानं व्हीआरएस आणली आणि ते घरी बसले. इकडे आम्ही ट्रक-टिपरचे सांगाडे कॉम्प्युटरवर उभे करून, हादरे खाऊन खाऊन त्यांना किती वर्षांनी भेग पडेल याचं गणित करत होतो. आमच्यापैकी एकानंही वेल्डिंगचा रॉड कधी हातात धरला नव्हता. हे परदेशी गिऱ्हाइकाला कळण्याच्या आत एक जाणता वेल्डर सल्लागार म्हणून ठेवावा, असं ठरलं.

मॅनेजर "बसा" म्हणाले. मास्तरांनी खुर्ची उलटी केली, तपासली, सरळ केली, बसले. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा उठता का?"

मॅनेजर उठले. त्यांची खुर्ची उलटी झाली.

"ही हलक्या माणसाला द्या," मास्तर म्हणाले. मॅनेजरांचं वजन शंभराच्या घरात होतं. नोकरी मास्तरांना तरीही मिळाली. खुर्ची त्याच आठवड्यात मोडली. त्या वेळी तिच्यावर कोण होतं हे सांगत बसत नाही.

त्यांना माझ्या शेजारची जागा दिली. मी त्यांना आमचं काम समजावून सांगितलं. वस्तूचे हजारो बारीक चौकोन पाडायचे, त्याला आम्ही जाळी म्हणतो. वेल्ड म्हणजे दोन पत्र्यांच्या जाळ्या एकमेकींना चिकटवणारी चौकोनांची एक रांग. मग भार द्यायचा. जिथे ताण जास्त, तिथे लाल रंग.

मास्तरांनी पडद्यावरच्या वेल्डवर अंगठा फिरवला. "याचा वेल्डर कोण?"

"कोणी नाही. सॉफ्टवेअरच करतं."

"तरीच एवढा सुंदर आलाय."

त्यांच्या अंगठ्याचे ठसे पुसायला मी टेबलावर एक फडकं ठेवू लागलो. मी फटीग या शब्दाचा अर्थ 'धातूचा थकवा' असा सांगितला, तर म्हणाले, "लोखंड थकत नाही अभ्यंकर. थकतो तो जोड." आणि कोणतंही मॉडेल दाखवलं की त्यांचं एकच: "मधलं कोणीही जोडतो. सुरुवात आणि शेवट दाखवा." वेल्ड जिथे संपतो तिथूनच भेग निघते, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. मास्तरांनी ते बघितलेलं होतं.

माझ्या बहिणीच्या लग्नाला मी त्यांना बोलावलं, ते तासभर आधी पोचले. कार्यालयातल्या सगळ्या लोखंडी खुर्च्या तपासून त्यांनी अकरा खुर्च्यांवर खडूनं फुल्या मारल्या आणि ते हात धुवायला गेले. आमच्या काकांना वाटलं, फुलीच्या खुर्च्या म्हणजे राखीव. त्यांनी वरपक्षाकडची वडीलधारी माणसं आग्रहानं तिथेच बसवली. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाचे मामा खाली गेले. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "अकरातली एकच गेली. बाकी दहाजणांची पत्रिका चांगली आहे."

इथपर्यंतचं मी पुष्कळांना सांगितलं आहे. लोक हसतात, मीही हसतो. पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

तो पंच साधा नव्हता. कारखान्यात प्रत्येक वेल्डरला एक नंबर असे. जोड पुरा झाला की त्याच्या शेजारी पंच ठोकून नंबर उमटवायचा, म्हणजे पुढे काही झालं तर माणूस सापडतो. मास्तरांचा नंबर सतरा. एकतीस वर्षांत सतरा नंबरचा एकही जोड परत आला नव्हता. नोकरी सोडताना पंच जमा करायचा असतो. त्यांनी केला नव्हता. "चोरीचा माल आहे," ते सांगत. "एवढा एकच."

एका टिपरच्या ब्रॅकेटचं काम माझ्याकडे आलं. ब्रॅकेट म्हणजे टिपरचा हौदा उचलणारा जॅक ज्यावर टेकतो तो लोखंडी कान. मॉडेलमध्ये वेल्ड नेमका कोपऱ्यावर संपत होता आणि तिथे लाल ठिपका होता. अशा कोपऱ्यात एक घोळ असतो. जाळी जितकी बारीक करावी तितका ताणाचा आकडा वाढतच जातो, तो कुठे थांबत नाही. त्यामुळे तिथला आकडा जसाच्या तसा खरा मानता येत नाही. त्यावरही रीत आहे. सांध्यापासून ठराविक अंतरावरचे आकडे घेऊन कडेचा खरा ताण काढायचा. त्याला मला आणखी चार दिवस लागले असते. मी जाळी जाड केली. ठिपका पिवळा झाला. उरलेल्याबद्दल लिहिलं, 'हा गणिताचा भास आहे, दुर्लक्ष करावे.'

"भास नाही तो," मास्तर म्हणाले. "तिथंच फाटणार. वेल्ड कोपऱ्यावर सोडू नका, वळवून पलीकडं न्या."

"ड्रॉइंग मंजूर झालंय, मास्तर."

"मग चाचणीचा नमुना मी जोडतो. म्हणजे फाटला तर वेल्डरचं नाव घ्यायला नको."

त्यांनी भोसरीला जाऊन स्वतः तो जोडला आणि शेजारी सतरा उमटवला. चाचणीच्या यंत्रावर ब्रॅकेट निम्म्या आयुष्यातच फाटला. मास्तरांनी बोट ठेवलं होतं, त्याच जागी.

गिऱ्हाइकाला कारण हवं होतं. प्रयोगशाळेनं तो जोड कापून, घासून, ॲसिड लावून त्याचा मोठा फोटो मला पाठवला. जोड उत्तम होता. चूक माझ्या मॉडेलमध्ये होती. मी फोटो ड्रॉवरमध्ये टाकला आणि अहवालात एक ओळ लिहिली: 'वेल्डिंगची कारागिरी अपेक्षित दर्जाची नव्हती.' त्या महिन्यात ऑनसाइट, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाकडे, कोणाला पाठवायचं याची यादी व्हायची होती. यादीत माझं नाव होतं.

मास्तरांनी अहवाल दोनदा वाचला. इंग्रजी त्यांना कामापुरतं येई, ती ओळ त्यांना पुरली.

"लॅबनं तुकडा कापून बघितला का?"

"बघितला," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"मग ठीक," ते म्हणाले आणि पंच खिशात टाकला. करार संपल्यावर ते परत आले नाहीत. मी दोन वर्षं परदेशी राहून आलो.

गेल्या वर्षी ऑफिसनं जागा बदलली, तेव्हा जुन्या फायलींत तो फोटो सापडला. सापडला म्हणणं बरोबर नाही, कुठे आहे ते मला कायम माहीत होतं. एका रविवारी सकाळी तो घेऊन मी धायरीला मास्तरांच्या घरी गेलो.

मास्तर एकटेच होते. बायको दोन वर्षांपूर्वी वारली, मुलगा कॅनडात. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, आणि तिच्यासमोर ओळीनं मांडलेल्या लोखंडी घडीच्या एकवीस खुर्च्या. विहारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, जुन्या भंगारात निघाल्या, त्या यांनी आणून दुरुस्त केल्या होत्या.

"प्लॅस्टिकमध्ये जोडच नाही, बघायचं काय?" ते म्हणाले.

"पण एवढ्या खुर्च्यांवर बसतं कोण?"

"आज तुम्ही आलात."

त्यांनी त्यातली एक उचलली, उलटी केली आणि घराच्या किल्लीनं सांधे ठोकू लागले. पंच दिसला नाही. खुर्चीवरही कुठे नंबर नव्हता.

"मास्तर, ही तर तुम्हीच जोडलीय."

"म्हणून तर. पूर्वी स्वतःचं बघत नव्हतो. तुमचा रिपोर्ट आला, तेव्हापासून बघतो." आवाजात टोमणा आहे का, ते मी शोधत होतो. नव्हता. "तेव्हा आधी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, ठीक आहेत. मग म्हटलं, हात गेला असेल. बसा."

मी बसलो आणि फोटो त्यांच्या हातात दिला. "जोड चांगला होता, मास्तर. मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा हा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. चूक माझी होती."

ते फोटो घेऊन खिडकीशी गेले. उजेडात धरून त्यावर अंगठा फिरवला.

"वेल्ड मुळापर्यंत गेलाय," ते म्हणाले.

"हो."

"कडपण शाबूत आहे."

"हो."

"त्या ब्रॅकेटचं पुढं काय केलंत?"

"वेल्ड कोपऱ्यावरून वळवून घेतला. तुम्ही सांगितलं होतंत तसा. अजून तसाच बनतो."

"कधी घेतलात?"

"लगेच. पुढच्याच महिन्यात."

मास्तरांनी मान हलवली. "आणि हिंजवडीहून धायरीला आज पोचलात. ट्रॅफिक फार वाढलंय, ऐकतो मी."

ते आत गेले, डबे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा एका हातात हातोडी होती, दुसऱ्या हातात पंच. तांदळात ठेवला असावा, त्याला पांढरी भुकटी लागली होती. त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

"उठा."

मी उठलो. त्यांनी खुर्ची उलटी केली. मी पाय धरले. पाठीमागच्या पट्टीवर, जोडाच्या शेजारी, त्यांनी पंच टेकवला आणि एकच घाव घातला. अंगठा फिरवून बघितला. खुर्ची सरळ केली.

"बसा आता."

मी म्हणालो, बाकीच्याही करून टाकू, मी धरतो, अर्ध्या तासात होईल.

"आज एक पुरे," मास्तर म्हणाले आणि पंच खिशात टाकून चहा ठेवायला वळले. "वीस राहिल्यात. धरायला माणूस लागतो. येत जा."